धुराच्या दिवसांत खिडकी लावायची की उघडायची? वाचकांचे प्रश्न

यावेळच्या टपालात धूरच धूर आहे. वणव्याच्या धुराबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय सरळ पुढच्या अंकावर ढकललेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचं वाक्य जसंच्या तसं दिसलं नाही तर रागावू नका.

प्रश्न: वणवा आमच्यापासून तीन-चारशे किलोमीटर लांब लागलाय. इथे फक्त हवा मळकट दिसते आणि जरा जळका वास येतो. घरातले म्हणतात उगाच बाऊ करतेस. खरंच बाऊ आहे का?

नाही ताई, बाऊ नाही. आग लांब आहे म्हणजे घर जळायची भीती नाही, एवढंच. धूर काही तिथेच थांबत नाही. २०२३ च्या जूनमध्ये कॅनडातल्या क्विबेकच्या जंगलांत वणवे लागले आणि न्यूयॉर्क शहर भरदिवसा नारिंगी झालं, ते फोटो तुम्ही पाहिले असतील, त्याच महिन्यात कॅनडाचा धूर अटलांटिक ओलांडून युरोपातही पोचला होता.

धुरात वायू असतात, राख असते, पण खरा त्रास देतात ते बारीक कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहूनही बारीक (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, तेव्हा एका केसाच्या रुंदीत असे वीसेक कण शेजारी शेजारी बसतील. साधी धूळ नाकात, घशात अडकते आणि शिंकून-खाकरून बाहेर पडते. हे कण मात्र थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात, त्यातले अगदी बारीक तर रक्तातही उतरतात, आणि म्हणून धुराचा त्रास नुसत्या छातीचा न राहता हृदयाचाही होतो. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यातल्या वणव्यांत ३३ माणसं थेट आगीमुळे गेली, आणि संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे त्या धुरामुळे ४१७ मृत्यू जादा झाले. आता सांगा घरच्यांना.

अर्थात धडधाकट माणसाला एक-दोन दिवसांच्या धुरात डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, डोकं दुखणं यापलीकडे सहसा काही होत नाही, हवा सुधारली की जातं. घाबरून जायचं कारण नाही. किती धूर आणि किती तास, हा सगळा हिशोब आहे, आणि तो हिशोब कमी करणं बऱ्यापैकी आपल्या हातात असतं.

प्रश्न: एका ॲपवर एक्यूआय १०० दाखवतंय आणि ‘समाधानकारक’ लिहिलंय, दुसऱ्यावर त्याच वेळी, त्याच जागेला १५४ आणि लाल रंग. कोणतं ॲप खोटं बोलतंय?

दोन्ही खरं बोलत असतील! एक्यूआय म्हणजे काही हवेतली वस्तू नाही, हवा किती खराब आहे हे सांगायला हवेतल्या मापावरून काढलेला तो गुणांक आहे आणि प्रत्येक देशाची गुण द्यायची पद्धत वेगळी. समजा हवेत पीएम २.५ घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. भारताच्या पद्धतीत त्याचा एक्यूआय येतो १०० आणि शेरा ‘समाधानकारक’. अमेरिकेच्या पद्धतीत (त्यांनी २०२४ मध्ये पट्टी आणखी कडक केली) तेच ६० जातं दीडशेच्या वर, शेरा ‘सर्वांसाठी अपायकारक’. हवा तीच, फुप्फुसं तीच. आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस काय, तर २४ तासांची सरासरी १५ च्या आत हवी.

म्हणून मी काय म्हणते, ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्यूआयऐवजी पीएम २.५ चा कच्चा आकडा दिसतो का बघा, तो सगळीकडे सारखाच असतो. तो पस्तीसच्या वर गेला की दमेकरी, हृदयरोगी, गरोदर बायका, लहान मुलं आणि वयस्कर मंडळींनी बाहेरचा वावर कमी करायचा, पंचावन्नच्या वर गेला की सगळ्यांनीच, आणि सव्वाशेच्या वर असेल तर बाहेरची कामं सरळ उद्यावर टाकायची.

अजून एक, आकडा कधीचा आहे ते बघा. काही ॲप २४ तासांची सरासरी दाखवतात आणि धूर तर दोन तासांत येतो आणि जातो. सकाळपासून स्वच्छ हवा होती आणि चारला धूर उतरला तर सरासरीत तो लपून जातो. तासाचा आकडा मिळत असेल तर तोच बघा. लोकांनी घराबाहेर लावलेले स्वस्तातले सेन्सर तासाच्याही आतले आकडे देतात ही त्यांची जमेची बाजू, फक्त वणव्याच्या धुरात ते खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. वाढतंय की उतरतंय हे कळायला ते उत्तम.

प्रश्न: आकाश पिवळं-नारिंगी झालंय, पण आकडा ठीक आहे. आकाशावर विश्वास ठेवू की आकड्यावर?

आकड्यावर. धूर कधीकधी वरच्या वर तरंगत असतो. ९ सप्टेंबर २०२० ला सॅन फ्रान्सिस्कोत दिवसा दिवे लावावे लागतील इतका अंधार झाला, आकाश गडद नारिंगी, आणि त्या दिवशी जमिनीलगतची हवा मात्र तितकी वाईट नव्हती, कारण समुद्रावरून आलेल्या दमट थंड हवेच्या थरावर धूर अडकून बसला होता. नंतरच्या दिवसांत रंग गेला, धूर खाली उतरला आणि हवा खरोखर बिघडली. उलटही होतं बरं का, वास येईनासा होतो कारण नाक सरावतं, आणि कण असतातच. तेव्हा आकाशाचे फोटो काढा, पण ठरवताना आकडा बघा.

प्रश्न: सगळी दारं-खिडक्या लावून बसलोय तरी घरात वास येतो. एसी चालू आहे. अजून काय करायचं? आणि एअर प्युरिफायर घ्यायचा तर कोणता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय आणि याचंच उत्तर सगळ्यात कामाचं आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, घर म्हणजे काही हवाबंद डबा नाही. दाराखालची फट, खिडकीची खोबण, वायरसाठी पाडलेलं भोक, सगळीकडून हवा येते-जाते. खिडक्या लावल्याने धूर हळू येतो, पण तासन्‌तास बाहेर धूर असेल तर आत येतोच. त्यातून तुम्ही बाथरूमचा किंवा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू ठेवला असेल तर तो आतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच हवा फटींमधून आत ओढली जाते, म्हणजे आपणच धुराला आमंत्रण देतोय. तो गरजेपुरताच लावा.

एसीबद्दल फार गैरसमज आहे. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, ते ठीक, पण त्याची जाळी धूळ-केस पकडायची असते, पीएम २.५ तिच्यातून आरामात निघून जातात. खिडकीच्या एसीला बाहेरची हवा घ्यायची झडप असते, ती बंद आहे ना बघा. आणि पाण्याचा कूलर असेल तर धुराच्या दिवसांत तो शक्यतो लावू नका, त्याचं कामच बाहेरची हवा आत ओढायचं.

मग करायचं काय, तर अख्खं घर स्वच्छ ठेवायच्या नादाला लागू नका, एक खोली निवडा. ज्यात झोपता ती सगळ्यात बरी, कारण दिवसाचे सात-आठ तास तिथे जातात. कमी खिडक्यांची असेल तर अजून छान. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी, दाराखाली गुंडाळलेला टॉवेल, आणि आत प्युरिफायर दार लावून सतत चालू. ‘ऑटो’वर नको, आवाज सहन होईल तेवढ्या जास्तीत जास्त स्पीडवर. रात्री आवाजाने झोप येत नसेल तर झोपायच्या आधी तासभर फुल स्पीडवर ठेवून मग कमी करा.

घेताना ‘हेपा’ फिल्टर आहे ना एवढं बघून थांबू नका. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडतो, पण मशीन मिनिटाला किती हवा गाळतं ते महत्त्वाचं, नाहीतर भला मोठा हॉल आणि त्यात टेबलावरचं खेळणं, असं व्हायचं. त्याचा आकडा खोक्यावर ‘सीएडीआर’ म्हणून लिहिलेला असतो. वणव्याच्या धुरासाठी सोपा नियम असा की खोली जितके स्क्वेअर फूट तितका धुरासाठीचा सीएडीआर हवा, सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत. १२० स्क्वेअर फुटांची खोली तर १२० सीएफएम. खूप कंपन्या ताशी घनमीटरमध्ये लिहितात, त्यात तेच साधारण २०४ होतं, १.७ ने गुणायचं. आकडा मोठा दिसतो म्हणून फसू नका. आणि ‘ओझोन’ सोडणारं मशीन कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका, ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रास देतो. कुंडीतली झाडं हवा शुद्ध करतात वगैरे विसरा, दिसायला छान असतात, ठेवा.

प्युरिफायर परवडत नाही किंवा वेळेवर मिळत नाही? चौकोनी बॉक्स फॅन आणि एमईआरव्ही १३ दर्जाचे चार फिल्टर घ्यायचे (फिल्टर किती बारीक कण पकडतो त्याची ही प्रतवारी), फिल्टर उभे करून चौकोन करायचा, खाली पुठ्ठा, वर फॅन हवा वरती फेकेल असा ठेवायचा आणि सगळे सांधे चिकटपट्टीने बंद करायचे. फिल्टरच्या कडेवर बाण असतो तो आतल्या बाजूला, म्हणजे हवा जाते त्या दिशेला. याला कोर्सी-रोझेंथाल बॉक्स म्हणतात, २०२० मध्ये रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथाल या दोघांच्या डोक्यातून निघालेली युक्ती, आणि दिसायला जुगाड असला तरी काम चोख करतो. फॅन नव्या बनावटीचा वापरा, जुना तापतो, आणि घरात कोणी नसताना चालू ठेवू नका.

फिल्टर सहा महिने चालेल असं लिहिलेलं असतं ते साध्या दिवसांसाठी. धुरात पांढरा फिल्टर काही दिवसांत करडा-काळा होतो. तो धुवायचा नसतो (लोक धुतात!), बदलायचा असतो.

आतला धूरही धूरच. तळण, भाजणं, मेणबत्त्या, उदबत्ती, सिगरेट, यातून तेच बारीक कण निघतात आणि बंद घरात साचतात. झाडूने किंवा साध्या व्हॅक्यूमने साफसफाई केली तर बसलेले कण पुन्हा उडतात, तेव्हा ओल्या फडक्याने पुसा.

आणि एक अपवाद, तो लक्षात ठेवा. प्रचंड उकाडा आहे, एसी नाही, आणि घर तापून भट्टी झालंय, तर धुराच्या भीतीने खिडक्या लावून बसू नका. उष्माघात काही तासांत जीव घेतो, विशेषतः वयस्कर माणसाचा. अशा वेळी दुसरी थंड, स्वच्छ हवेची जागा शोधा, नातेवाईकांकडे जा, ग्रंथालयात जाऊन बसा, आणि तेही जमत नसेल तर खिडकी उघडा.

बाहेरचा आकडा उतरला की सगळं उघडून हवा खेळू द्या, कारण तेव्हा आतली हवा बाहेरच्यापेक्षा वाईट असते. डोंगरदऱ्यांच्या भागात रात्री थंड हवा धूर खाली दाबून ठेवते आणि दुपारी ऊन तापलं की तो वर जातो, म्हणून तिथे पहाटेपेक्षा दुपारी खिडकी उघडणं बऱ्याचदा जास्त शहाणपणाचं. तरी आकडा बघूनच.

प्रश्न: आमचे हे म्हणतात ओला रुमाल बांधला की झालं. त्यांना भरघोस दाढी आहे आणि मास्कचा कंटाळा. काय सांगू?

सांगा की ओल्या रुमालाने नाकाला गारवा मिळतो, बाकी काही नाही. कापडाचे धागे या कणांसाठी उघडं फाटक आहेत. सर्जिकल मास्कचं कापड बरं असतं, पण गालाजवळून तो उघडाच, हवा तिथूनच घुसते. धुरासाठी एन ९५ किंवा युरोपातला एफएफपी २ हवा, त्याच्या जवळपासचे केएन ९५, केएफ ९४ चालतील. डोक्यामागून दोन पट्टे जाणारा मास्क कानात अडकवायच्या मास्कपेक्षा घट्ट बसतो. झडपवाला असला तरी हरकत नाही, धुरात आपल्याला आत येणारी हवा गाळायची आहे.

घातल्यावर नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा (चिमटीत धरली तर मध्ये टोक येतं आणि बाजूला फट राहते), मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालाला वारा लागला तर बसलेला नाही. चष्म्यावर वाफ येते म्हणजे वरून गळतोय.

राहिली दाढी. मास्कची कड कातडीला टेकली पाहिजे, मध्ये केस आले की हवा तिथून जाते, महागातला महाग मास्क असू दे. तेव्हा दाढी किंवा बाहेर जाणं, दोन्हीपैकी एक कमी करायला सांगा. निवड त्यांची.

दोन वर्षांखालच्या मुलांना मास्क अजिबात घालू नका. आणि मास्क कण अडवतो, वायू नाही, त्यामुळे मास्क आहे म्हणून आगीच्या जवळ जायचं धाडस करायचं नाही.

प्रश्न: मी रोज सकाळी दहा किलोमीटर पळतो. फिट आहे, मला काय होणार?

दादा, बसल्या जागी माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा घेतो, जोरात पळताना ५०-६० लिटर सहज, त्यातही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी बाजूलाच. अर्ध्या तासाच्या पळण्यात तुम्ही बसलेल्या माणसाचा तीन-चार तासांचा धूर आत घेताय. फिट आहात म्हणूनच चार दिवस न पळाल्याने काही बिघडणार नाही. घरात काय करायचं ते करा, स्वच्छ खोलीत.

प्रश्न: सासूबाईंना दमा आहे, घरात चार वर्षांचा मुलगाही आहे. दवाखान्यात कधी न्यायचं हे कसं ओळखायचं?

आधी तयारी. सासूबाईंचा पंप, रोजच्या गोळ्या संपत आलेल्या नाहीत ना ते आजच बघा. डॉक्टरांना आत्ताच फोन करून विचारून ठेवा की त्रास वाढला तर पंप किती वेळा, किती अंतराने घ्यायचा, कारण रात्री दोनला हे विचारायला कोणी सापडत नाही. रोजचा प्रतिबंधक पंप ‘आज बरं वाटतंय’ म्हणून बंद करू देऊ नका, बरीच ज्येष्ठ मंडळी नेमकं हेच करतात.

पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागायला लागला, रात्री खोकल्याने जाग यायला लागली, की डॉक्टरांना कळवा. आणि बसल्या जागी धाप, एक वाक्य एका दमात पूर्ण न होणं, पंप घेऊनही आराम नाही, ओठ निळसर, छातीत दुखणं किंवा दडपण, गोंधळल्यासारखं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, फोनाफोनी करत बसू नका, सरळ ॲम्ब्युलन्स. धुराचा परिणाम त्याच दिवशी दिसेल असंही नाही, एक-दोन दिवसांनीही दिसतो, तेव्हा आकाश निवळलं तरी लक्ष ठेवा.

मुलगा स्वतः सांगणार नाही. त्याच्या बरगड्यांकडे बघा. श्वास घेताना बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुगत असतील, खेळायचं सोडून गप्प पडून राहिला असेल, तर लगेच दाखवा. मुलं वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा घेतात आणि फुप्फुसं अजून वाढत असतात, म्हणून ‘बाहेर जरा खेळून येऊ दे’ हे या दिवसांत नको. आणि वाफ देऊ नका, वाफेने हे कण निघत नाहीत आणि उकळत्या पाण्याने मुलं भाजतात.

प्रश्न: गाडीत काय करायचं?

काचा वर, हवा आतल्या आत फिरवायचं बटण चालू. लांबचा प्रवास असेल तर मधून मधून मिनिटभर बाहेरची हवा घ्या, कारण भरलेल्या बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढून झोप यायला लागते. गाडीत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर शेवटचा कधी बदलला आठवतंय का? बहुतेकांना नाही आठवत.

प्रश्न: पाळलेल्या पक्ष्यांना त्रास होतो का?

होतो, आणि माणसाच्या आधी होतो. त्यांची श्वसनाची रचनाच अशी आहे की हवेतलं सगळं पटकन शोषलं जातं. पिंजरा गॅलरीतून उचला आणि तुमच्या त्या स्वच्छ खोलीत ठेवा. कुत्र्याला बाहेर न्यायचं ते फक्त कामापुरतं.

प्रश्न: धूर गेला, पण घरात वास आहे आणि अंगणात राखेचा थर. कसं साफ करू?

वास पडद्यांत, गाद्यांत आणि भिंतींवर बसलेल्या वायूंचा असतो, तो हळूहळू परत हवेत येत राहतो. सुगंधी स्प्रे मारू नका, त्याने वासावर वास चढतो. खिडक्या उघडा, कापडं धुवा, फरशी, कपाटं, भिंती ओल्या फडक्याने पुसा. प्युरिफायरमध्ये कोळशाचा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचा जाड थर असेल तर वासाला त्याची मदत होते, हेपा एकटा वास घालवत नाही.

राख कोरडी झाडायची नाही आणि ब्लोअरने तर अजिबात उडवायची नाही. हलकं पाणी शिंपडा, ओलसर झाली की गोळा करा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि एन ९५ घालून, मुलांना लांब ठेवून. नुसतं जंगल जळलं असेल तर ती लाकडाची राख, पण घरं-गाड्या जळल्या असतील तर त्यात शिसं, ॲस्बेस्टॉस काहीही असू शकतं, ती स्वतः काढायच्या फंदात न पडता स्थानिक प्रशासन काय सांगतंय ते आधी बघा. आग तुमच्या अगदी जवळ येऊन गेली असेल तर राखेच्या ढिगात निखारे बऱ्याच दिवसांनीही जिवंत सापडतात, त्यामुळे प्लास्टिकच्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरा आणि डबा घराच्या भिंतीपासून लांब ठेवा.